दहाच्या जागी सहा

रात्री दोनला सराफा आवरतो.
कढया थंड होतात,
भुट्ट्याच्या किसाचा वास शटरांना चिकटून राहतो,
आणि मग दुसऱ्या किसाच्या शोधात
हमीदाबी झाडू घेऊन येते.
पेढ्यांचे उंबरे, ओट्यांच्या फटी, गटारीची जाळी.
कानस फिरताना उडालेलं सोनं
कुठेतरी पडलंच असणार,
हा तिच्या सासरचा चार पिढ्यांचा धंदा.

मी वरच्या खोलीत, मांडीवर तापलेला लॅपटॉप.
सिमरोलहून शेवटच्या बसने येताना
काही कोटी टकरींचे आकडे घेऊन आलेय:
शिशाच्या अणूंचे गाभे, समोरासमोर,
साता समुद्रापलीकडे, जमिनीच्या पोटात.
क्षणभर सगळं वितळतं
(क्षण हा शब्द इथे फारच लांबलचक आहे),
प्रोटॉन प्रोटॉन राहत नाही.
त्या रश्श्यातून हजारो कण उसळतात
आणि चार मीटर कार्बन-काँक्रीटमध्ये अडकून पडतात,
ज्याला त्याला धडकत जाणारे, बडबडे.
म्यूऑन तेवढे पार होतात.
आत काय घडलं ते न बिघडवता
जसंच्या तसं बाहेर आणणारे साक्षीदार
मला माणसांत फारसे भेटले नाहीत.

पण एकटा म्यूऑन काहीच बोलत नाही.
दोन लागतात. एक ऋण, एक धन.
दोघांचा संवेग, दोघांमधला कोन,
त्यावरून त्या आईचं वजन काढायचं
जी त्यांना जन्म देतानाच संपली.
तीन पूर्णांक एकच्या आसपास आलं तर जे-साय.
बहुतेक वेळा भलतंच काही येतं,
कारण ते दोघे सख्खे नसतातच,
गर्दीत शेजारी उभे होते, इतकंच.

म्हणून मी आधी मुद्दाम चुकीच्या जोड्या लावते.
धन-धन, ऋण-ऋण,
ज्या एका पोटच्या असूच शकत नाहीत.
किती खोटं आपोआप जुळतं ते मोजायचं
आणि तेवढं वजा करायचं.
मुळ्ये मॅडम म्हणतात, इथे घाई केलीस
तर तुला हवा तिथे डोंगर दिसेल.
मार्चमध्ये मला दिसला होता.
दोन आठवडे सगळ्यांना दाखवत हिंडत होते.

अडीचला खाली उतरते, बाटली भरायला.
नळाशी हमीदाबी परात हलवतेय,
हलकी माती पाण्याबरोबर काठावरून जाऊ देतेय.
"कित्ता मिला, बेटा?"
दहा हवे होते, मी म्हणते, सहा मिळाले.
ती चुकचुकते.
नाही हो, हीच तर बातमी आहे.
साध्या टकरींच्या हिशेबाने दहा.
चार आतल्या आत विरघळले.
जोडीतला एक दुसऱ्याला दिसेनासा झाला,
इतके परके मध्ये घुसले.
जे चार आले नाहीत तेच सांगतात
भट्टी किती तापली होती.

(सहांमधलेही काही मूळचे नव्हेत.
सगळं निवताना, भलत्याच कुणाशी जुळून
नव्याने झालेले.
हे मी तिला सांगत नाही.
मला ते अजून वेगळे काढता येत नाहीत.)

तिला यात नवल वाटत नाही.
"मेरा भी कम हुआ," म्हणते,
आणि धुळीवरून सांगत जाते:
कोपऱ्यावरच्या कारखान्यात धूळ ओढणारं मशीन आलं,
निळ्या दरवाजामागचे बंगाली कारागीर गावी गेले,
जैनांच्या पेढीत गेल्या सोमवारपासून भट्टीच पेटली नाही.
यातल्या एकाही उंबऱ्याच्या आत
तिने कधी पाऊल टाकलेलं नाही.

तळाशी काहीतरी चमकतं, किंवा नळावरचा दिवा असेल.
ती ती चिमूट कागदात बांधते.
वजन आत्ता नाही,
उजाडल्यावर, दुसऱ्याच्या काट्यावर.

मी वर येते.
सहाच्या पुढे
अधिक-उणे किती, ते अजून लिहायचंय.